जावास्क्रिप्टने पानातला घटक शोधायचा तर कोणत्या वाटेने?

पानकळा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकयादी आता एका साध्या वेबपानावर आहे. एकच एचटीएमएल फाइल, तिच्यात एक लांबलचक टेबल आणि प्रत्येक पुस्तकाची एक ओळ. त्यावर विषयवार गाळणी बसवायचं काम मी घेतलंय. 'कथासंग्रह' दाबलं की बाकीच्या ओळींना 'लपलेली' हा क्लास लागतो, 'सगळी दाखवा' दाबलं की तो निघायला हवा.

लपवणं नीट चालतं. दाखवताना मात्र एकाआड एक ओळ लपलेलीच राहते! बटण पुन्हा दाबलं की उरलेल्यांपैकी निम्म्या येतात, पुन्हा दाबलं की त्यातल्या निम्म्या. कोड एवढाच:

यादी = डॉक्युमेंट.गेटएलिमेंट्सबायक्लासनेम('लपलेली')

पुढे आय हा मोजणीचा आकडा शून्यापासून यादी.लेंग्थपर्यंत (यादीच्या लांबीपर्यंत) फिरवते आणि यादी[आय]चा क्लास काढते. यात चुकण्यासारखं काय आहे ते दिसत नाहीये.

दुसरा प्रश्न जरा मोठा. घटक शोधायला आयडीवरून, क्लासवरून, टॅगवरून, नेमवरून, शिवाय क्वेरीसिलेक्टर आणि क्वेरीसिलेक्टरऑल अशा इतक्या पद्धती का? माझं मत सांगते : सगळीकडे क्वेरीसिलेक्टरच वापरावं. त्याला सीएसएसचा सिलेक्टर, म्हणजे पानाचं रूप ठरवताना घटक निवडायला लिहितात तीच खूण, चालतो. सीएसएस येत असेल तर वेगळं काही शिकावं लागत नाही. पटतंय का?

अर्धविराम
पहिल्याचं उत्तर देतो. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम तुम्हाला जी यादी देतं ती जिवंत असते. म्हणजे ती एकदा मोजून हातात दिलेली नसते. पानात बदल झाला की तीही त्याच क्षणी बदलते. रेशनच्या रांगेतला पहिला माणूस गेला की दुसरा पुढे सरकतो, तसं. तुम्ही शून्याव्या ओळीचा क्लास काढलात, ती यादीतून गेली, आधी १ वर असलेली ओळ ० वर आली. पण तुमचा आय तोवर १ झालेला. मधली ओळ कधी तपासलीच गेली नाही. शिवाय लेंग्थही दर फेरीला घटते, त्यामुळे लूप निम्म्यातच थांबतो.

उपाय तीन. क्वेरीसिलेक्टरऑल('.लपलेली') वापरा, ती यादी त्या क्षणाची असते आणि तशीच राहते. किंवा जिवंत यादी अॅरे.फ्रॉम मध्ये घालून तिची प्रत काढा. किंवा लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवा. फॉर-ऑफ वापरलंत तरी जिवंत यादीवर हाच प्रकार होईल, तेव्हा नुसता लूपचा प्रकार बदलून भागणार नाही.

तळटीप
+१. लाइव्ह यादी, दुसरं काही नाही.

सावंतवाडीकर
८०० पुस्तकं लपलेली असतील तर बटण १० वेळा दाबलं की सगळी दिसतात, आत्ताच कागदावर करून बघितलं :) ४००, २००, १००, ५०, २५, १२, ६, ३, १, आणि मग शून्य. तोवर वाचकाची निवड झालेली असेल.

पानकळा
अर्धविराम, क्वेरीसिलेक्टरऑल टाकलं आणि एका दाबात सगळ्या ओळी आल्या. मनापासून आभार. सावंतवाडीकर, आमच्याकडचे ज्येष्ठ सभासद १० वेळाही दाबतील, पण ग्रंथपालबाई मला बोलतील :)

म्हणजे माझं मत बरोबरच ठरलं ना? जिवंत याद्यांच्या वाटेला जायचंच कशाला?

वेबवारकरी
इतक्या पद्धती का, हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर वेबच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास मी काम करता करता बघितलाय.

१९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ आला तेव्हा त्यात डॉक्युमेंट.ऑल होतं, पानातला कुठलाही घटक त्यातून मिळायचा. त्याच वर्षीच्या नेटस्केप ४ मध्ये डॉक्युमेंट.लेयर्स. दोघांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. एक मेनू उघडबंद करायचा तर तोच कोड दोनदा लिहायचा आणि आधी तपासायचं, हा कोणता ब्राउझर? ऑक्टोबर १९९८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने डॉम लेव्हल १, म्हणजे स्क्रिप्टने पानातल्या घटकांपर्यंत कसं पोचायचं याचं प्रमाण, जाहीर केलं आणि त्यात गेटएलिमेंटबायआयडी आणि गेटएलिमेंट्सबायटॅगनेम आले. सगळ्या ब्राउझरांत एकाच नावाने मागता येईल अशी ही पहिली सोय. आज ती साधी वाटते, पण दोनदा कोड लिहिणाऱ्यांना तेव्हा केवढा दिलासा मिळाला असेल याचा विचार करा.

क्लासवरून शोधायची सोय ब्राउझरांत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. फायरफॉक्सला २००८ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोररला तर थेट ९व्या आवृत्तीत. तोवर पानातले सगळे टॅग मागायचे आणि एकेकाचा क्लास वाचत बसायचं.

एक गंमत : डॉक्युमेंट.ऑल अजून ब्राउझरांत आहे, पण त्याचा टाइपऑफ (हा कोणत्या प्रकारचा पदार्थ) विचारलात तर उत्तर येतं 'अनडिफाइन्ड'. 'ऑल आहे का, मग हा जुना एक्सप्लोरर' असं तपासणारी पानं बिघडू नयेत म्हणून प्रमाणातच त्याला 'असून नसलेला' ठरवलंय. जावास्क्रिप्टमध्ये असा दुसरा पदार्थ नाही.

रानफूल
मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

डब्लिनकर
वेबवारकरी काकांच्या गोष्टीतला पुढचा भाग राहिला. २००३ मध्ये सायमन विलिसन यांनी सीएसएस सिलेक्टर देऊन घटक मिळवणारं छोटं फंक्शन लिहून खुलं केलं. मग २००६ मध्ये जॉन रेसिग यांचं जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचं तयार साधन आलं आणि डॉलर, कंस, सिलेक्टर ही लिहिण्याची तऱ्हा जगभर झाली. ब्राउझरांनी ते बघून क्वेरीसिलेक्टर आत घेतलं. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि फायरफॉक्स ३.५, दोन्ही २००९ मधले, यांत ते होतं. आधी लोकांनी गरज म्हणून बांधलेली गोष्ट नंतर प्रमाणात गेली, हे मला वेबचं सगळ्यात चांगलं रूप वाटतं.

म्हणून पानकळाताईंशी सहमत. इतकी वर्षं लोकांनी जे मागितलं ते क्वेरीसिलेक्टर आहे. तेच वापरा.

मावळतीवारा
असहमत. 'सगळीकडे एकच' हा नियम सोपा दिसतो, पण अडकवतो.

वाचनालयाचंच उदाहरण घ्या. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. ओळीला तोच आयडी द्यावा असं कुणालाही वाटेल, आणि एचटीएमएलची त्याला काही हरकत नाही. आयडीत मोकळी जागा नको, एवढंच त्याचं म्हणणं. पण सीएसएसमध्ये हॅशनंतरचं नाव इंग्रजी आकड्याने सुरू होऊ शकत नाही. क्वेरीसिलेक्टरला हॅश आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांतला क्रमांक दिलात की तो 'नल' (म्हणजे 'सापडलं नाही') सुद्धा देणार नाही, सरळ सिंटॅक्स एरर फेकेल आणि पुढची स्क्रिप्ट थांबेल. गेटएलिमेंटबायआयडीला हाच आयडी बिनतक्रार सापडतो. क्वेरीसिलेक्टरच हवं असा हट्ट असेल तर आयडी आधी सीएसएस.एस्केप मधून काढावा लागतो.

आता मराठी माणसाला उपयोगी भाग. आयडी देवनागरी आकड्यांत असेल, म्हणजे '#१०२४', तर क्वेरीसिलेक्टर तो मुकाट्याने घेतो! सीएसएसची बंदी फक्त इंग्रजी ० ते ९ ला आहे. देवनागरी आकडे तिच्या लेखी इतर अक्षरांसारखेच.

आयडी माहीत असेल तर आयडीनेच मागावं. ते वेगवानही आहे, कारण ब्राउझर आयडींची नोंद वेगळी ठेवतो.

डब्लिनकर
वेगाचं सोडा. काही हजार ओळींच्या पानावर तो फरक माणसाला कळणार नाही. आकड्याचा मुद्दा मात्र मान्य. आयडीला 'पु-' असं काही पुढे लावलं की तोही मिटतो.

मावळतीवारा
मिटतो, पण आयडी तुम्ही ठरवत असाल तर. दुसऱ्याने बनवलेल्या पानावर काम करायची वेळ येते तेव्हा काय करणार?

तळटीप
तेव्हा सीएसएस.एस्केप. :) पुढे चला.

रानफूल
अवांतर विचारते. पानात एखाद्या घटकाचा आयडी 'बटण' असेल तर स्क्रिप्टमध्ये काहीही न शोधता नुसतं 'बटण' लिहिलं तरी चालतं. हे कसं काय? आणि मग शोधायचंच कशाला?

अर्धविराम
जुना वारसा. आयडी असलेला घटक विंडोच्या नावाखाली आपोआप उपलब्ध होतो. पण त्यावर विसंबू नका. आयडी 'नेम' किंवा 'स्टेटस' असेल तर विंडोचे त्या नावाचे स्वतःचे गुणधर्म आधीपासून आहेत, तुम्हाला घटकाऐवजी ते मिळतील. उद्या कुणी त्याच नावाचं व्हेरिएबल केलं तरी घटक गायब. फॉर्ममध्येही असाच सापळा आहे : आत 'आयडी' नावाचं इनपुट असेल तर फॉर्म.आयडी म्हटल्यावर फॉर्मचा आयडी मिळत नाही, ते इनपुट मिळतं.

पानकळा
मावळतीवारा, दाखल क्रमांकाचं खरंच माहीत नव्हतं. आमचे क्रमांक इंग्रजी आकड्यांतच आहेत, तेव्हा 'पु-' लावते.

आता एक नवी अडचण. टेबलच्या थेट आतल्या ओळी हव्यात म्हणून क्वेरीसिलेक्टरऑल('#पुस्तके > टीआर') लिहिलं. रिकामी यादी येते. फाइलमध्ये टेबलच्या टॅगनंतर लगेच टीआर आहेत, डोळ्यांनी दिसतायत.

वेबवारकरी
फाइलमध्ये दिसतात, पण ब्राउझरने बांधलेल्या झाडात टेबल आणि टीआर यांच्यामध्ये टीबॉडी आहे. तुम्ही लिहिला नाहीत तरी एचटीएमएल वाचताना ब्राउझर तो घालतो. स्क्रिप्ट फाइल बघत नाही, हे झाड बघते. डेव्हलपर टूल्समध्ये एलिमेंट्स उघडा, टीबॉडी दिसेल.

'#पुस्तके > टीबॉडी > टीआर' लिहा. किंवा टेबलचा स्वतःचा .रोज हा गुणधर्म वापरा, त्यात सगळ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत .सेल्स. फार जुनी सोय आहे आणि टेबलसाठी तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी नाही. .रोज जिवंत आहे, एवढं ध्यानात असू द्या.

सावंतवाडीकर
काका, न लिहिलेला टीबॉडी घालणारा ब्राउझर न लिहिलेली गाळणी पण घालेल का? :)

चाचणीवाली
मी पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीचं काम करते, त्यामुळे 'घटक शोधणे' हेच माझं दिवसभराचं काम. इथे चाललेला आयडी विरुद्ध क्वेरीसिलेक्टर हा वाद मला दुय्यम वाटतो. कोणतं फंक्शन वापरता यापेक्षा घटकाला कोणत्या खुणेने ओळखता हे महत्त्वाचं.

आमच्याकडे नवीन मुलं येतात ती डेव्हलपर टूल्समध्ये उजवी कळ दाबून 'कॉपी एक्सपाथ' करतात, म्हणजे घटकापर्यंत पोचायची वाट उचलतात. मिळतं ते असं : तिसऱ्या डिव्हमधला दुसरा डिव्ह, त्यातल्या टेबलची सातवी ओळ, चौथा रकाना. त्या दिवशी चालतं. पुढच्या आठवड्यात कुणी वर एक सूचनापट्टी टाकली की तिसरा डिव्ह चौथा होतो आणि सगळ्या चाचण्या लाल. क्लासवरही भिस्त नको. हल्लीच्या कित्येक साधनांत क्लासची नावं यंत्र बनवतं आणि ती पुढच्या बिल्डला बदलू शकतात.

टिकतं काय? घटकाचा अर्थ सांगणारी खूण. डेटा-विषय, डेटा-कृती असे आपलेच डेटा गुणधर्म द्या आणि '[डेटा-विषय="कथा"]' असं शोधा. रंगरूप बदलणारा माणूस त्यांना हात लावत नाही, कारण त्यांचा दिसण्याशी संबंध नाही. प्लेराइटसारख्या साधनात तर भूमिका आणि नाव सांगून शोधता येतं, म्हणजे 'शोधा असं लिहिलेलं बटण'. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला पान जसं ऐकू येतं त्याच खुणांनी तिथे शोध होतो. अशा चाचणीत बटण सापडलं नाही तर पुष्कळदा अंध वाचकालाही ते सापडत नसतं. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि पानकळाताई, प्रत्येक ओळीतल्या 'राखून ठेवा' बटणाला वेगवेगळा लिसनर (क्लिकची वाट बघणारा कोड) लावू नका. पूर्ण टेबलला एकच लावा, क्लिक आला की इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट('टीआर'). क्लोजेस्ट खालून वर शोधतं, स्वतःपासून सुरुवात करून. यादीत नंतर भर पडलेल्या ओळींनाही ते आपोआप लागू होतं.

अर्धविराम
चाचणीवाली, पूर्ण अनुमोदन. पुरवणी एकच. घटकाच्या आत शोधताना क्वेरीसिलेक्टर एक चकवा देतो. ओळ.क्वेरीसिलेक्टर('टेबल टीडी') लिहिलं तर वाटतं, ओळीच्या आत टेबल नाही, तर काही मिळू नये. पण पहिला टीडी मिळतो! कारण सिलेक्टर पूर्ण पानावर जुळवला जातो आणि निकाल तेवढे ओळीच्या आतले घेतले जातात. ते 'टेबल' ओळीच्या बाहेरचं असलं तरी चालतं. बाहेरचं नको असेल तर सिलेक्टरच्या सुरुवातीला :स्कोप लिहा. जेक्वेरीच्या फाइंडमध्ये असं होत नाही, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे हमखास चकतात.

डब्लिनकर
यावर वाद नाही. फंक्शनपेक्षा खूण महत्त्वाची, हे मान्य.

पानकळा
डेटा-विषय दिले. चाचणीवाली, क्लोजेस्टही बसवलं, कोड निम्मा झाला.

पण आता असं काही घडतंय की मला कळेनासं झालंय. '[डेटा-विषय="कादंबऱ्या"]' शोधल्यावर काही कादंबऱ्या येतात आणि काही येतच नाहीत. न येणाऱ्या ओळींतही डोळ्यांना अक्षरशः 'कादंबऱ्या'च दिसतं. पुढेमागे मोकळी जागा नाही, तपासलं. 'नाटके', 'चरित्रे' मध्ये हा त्रास नाही. नोंदी दोघींनी केल्यात, एकीने ऑफिसच्या संगणकावर, दुसरीने फोनवर.

अक्षरजुळणी
हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो. दोष तुमच्या सिलेक्टरचा नाही, 'ऱ्या'चा आहे.

'ऱ्या' युनिकोडमध्ये लिहायच्या दोन मान्य रीती आहेत. एक : ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की हा ऱ येतो. दुसरी : साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग या. काही फोनेटिक कळफलक असंच लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. ब्राउझर मात्र सिलेक्टर जुळवताना फक्त संकेतांक बघतो, दिसणं नाही. त्याच्यासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. 'नाटके'मध्ये ऱ्या नाही, म्हणून तिथे त्रास नाही.

आता कुणी म्हणेल, जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ आहे की. ते अर्धंच काम करतं. साधा र आणि खाली नुक्ता अशी जोडी असेल तर नॉर्मलाइझ तिचा ऱ करून देतं, कारण त्या दोन्हींना युनिकोड एकरूप मानतं. जोडकाच्या रीतीला मानत नाही, ती जशीच्या तशी राहते. तिच्यासाठी स्वतः बदल लिहावा लागतो : र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की त्याजागी ऱ आणि हलन्त.

'ॲ'चंही तेच. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. त्याआधीचा मजकूर अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत आहे, आणि आजही कित्येक जण तसंच टंकतात. नॉर्मलाइझ यांनाही एक करत नाही. वाचकाने शोधपेटीत एक टंकलं आणि यादीत दुसरं असेल तर पुस्तक कपाटात असूनही 'सापडले नाही' असा निरोप जातो. दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांचे, कितीतरी नेहमीचे शब्द यात अडकतात. मराठी पानं बनवणाऱ्या प्रत्येकाने हे कळकळीने लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

तुमच्यासाठी मार्ग : डेटा-विषयात दिसणारा शब्द ठेवूच नका. 'काद', 'नाट', 'चरि' अशा छोट्या खुणा ठेवा आणि वाचकाला दाखवायचा शब्द वेगळा. शोधपेटीसाठी मात्र वाचकाचं टंकन आणि यादीतला मजकूर दोन्ही एकाच फंक्शनमधून काढा, मग तुलना करा.

चाचणीवाली
अक्षरजुळणी, हे उद्या आमच्या टीममध्ये वाचून दाखवणार आहे. मराठी पानांवर मजकूर जुळवणाऱ्या काही चाचण्या अधूनमधून का पडतात ते आत्ता कळलं.

मावळतीवारा
मजकुरावरून आठवलं. सीएसएस सिलेक्टरने मजकूर शोधताच येत नाही. ':कंटेन्स' हा एका जुन्या मसुद्यात होता, पुढे गळला; जेक्वेरीत तो आहे म्हणून लोकांना सीएसएसमध्ये असल्यासारखा वाटतो. मजकुरावरूनच जायचं असेल तर डॉक्युमेंट.इव्हॅल्युएट आणि एक्सपाथ, नाहीतर ओळी गोळा करून टेक्स्टकंटेंट तपासायचा. आतल्या घटकावरून बाहेरचा निवडायला आता :हॅज आहे. 'ज्या ओळीत राखीव खूण आहे ती ओळ' एका सिलेक्टरमध्ये मिळते. सफारीत आणि क्रोममध्ये २०२२ ला आला, फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात.

पानकळा
'ऱ्या'च निघाला! दुसरीच्या फोनवरच्या नोंदीत जोडक होता. 'काद' खूण दिली, सगळ्या कादंबऱ्या आल्या. शोधपेटीचं फंक्शनही लिहिलं. अक्षरजुळणी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आयडी असेल तिथे आयडीने, गाळणीला डेटा-विषय, बटणांना क्लोजेस्ट असं सध्या ठेवलंय.

नवखी_स्वरा
उशिरा आले. पूर्ण धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. माझ्या पानात मात्र गेटएलिमेंटबायआयडी आणि क्वेरीसिलेक्टर दोन्ही 'नल' देतात. आयडी बरोबर आहे, पानात एकदाच आहे. स्क्रिप्ट हेडमध्ये लिहिली आहे. कुणीतरी स्क्रिप्ट पान वाचून झाल्यावर चालावी म्हणून डिफर लिही म्हणालं, लिहिलं, तरी नल.

अर्धविराम
स्वरा, हेडमधली स्क्रिप्ट चालते तेव्हा खालची बॉडी अजून वाचलेलीच नसते, म्हणून नल. डिफर हा योग्य सल्ला आहे, पण तो एसआरसी देऊन बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टलाच लागू होतो. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर त्याचा काही परिणाम नाही. स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी हलव, किंवा कोड डॉमकंटेंटलोडेडच्या, म्हणजे पान वाचून झालं की चालणाऱ्या, लिसनरमध्ये घाल.

तळटीप
टाइप="मॉड्यूल" केलं तर पानातली स्क्रिप्टही आपोआप नंतर चालते. पण पान सर्व्हरशिवाय, फाइलवर दोनदा क्लिक करून उघडत असशील तर मॉड्यूलची वेगळी फाइल करू नको. क्रोम ती घेऊ देत नाही.

नवखी_स्वरा
बॉडीच्या शेवटी हलवली. आलं! आता पुढचं विचारू का? पानात व्हिडिओची आयफ्रेम आहे आणि तिच्यातलं बटण सापडत नाही.

वेबवारकरी
विचार की. आयफ्रेम म्हणजे वेगळं डॉक्युमेंट, तुझ्या पानाचा शोध तिच्या आत जात नाही. ती तुझ्याच संकेतस्थळावरची असेल तर आयफ्रेम.कंटेंटडॉक्युमेंट घे आणि त्यावर क्वेरीसिलेक्टर चालव. दुसऱ्या संकेतस्थळाची असेल तर ब्राउझर आत बघू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठलंही पान शेजारी उघडलेल्या बँकेच्या चौकटीतले आकडे वाचू शकलं असतं. व्हिडिओवाल्यांनी बाहेरून हुकूम द्यायची सोय ठेवली असेल तर ती बघ, बहुतेक ठिकाणी पोस्टमेसेजवर (एका चौकटीतून दुसरीला निरोप धाडायच्या सोयीवर) चालणारी असते.